झाकण उचललं की अर्धा तास

कुकर म्हणलं की शिट्टी पाहिजे, हे केशव करमाडकरांचं टुमणं सकाळी साडेपाचला सुरू झालं आणि सव्वासहापर्यंत थांबलं नाही.

"अगं, तीन किलो कांदा टाकून पाऊण तास झाला. ना शिट्टी, ना वाफ. बंद तर नाही ना पडला?" असं म्हणत त्यांनी काचेचं झाकण उचललं, आत डोकावून नाकानं एक मोठा श्वास ओढला आणि झाकण परत ठेवलं. तेही तिरकं.

"गेला अर्धा तास," उमा म्हणाली.

"कुठं गेला?"

"झाकण उचललं की आतली ऊब जाते. ती परत जमायला अर्धा तास लागतो. दहा तास कांदा, मग दोन तास पाणी घालून. आता झाले साडेबारा."

"कांद्याला? बारा तासांत माणूस पुण्याला जाऊन, जेवून, परत येतो!"

"मग या जाऊन."

केशवराव गेले नाहीत. रिटायर झालेला नवरा कुठं जात नसतो. तो ओट्याला टेकून उभा राहतो आणि आपल्याला शंका विचारतो.

तर हे जे चाललं होतं ते होतं फ्रेंच ओनियन सूप. मराठीत सांगायचं तर कांद्याचं पाणी. पण कांदा लोण्यावर असा मंद, असा मंद शिजवायचा की त्याला स्वतःलाच कळू नये आपण शिजतोय. मग वर पावाचा टोस्ट, त्यावर चीज. उमानं जन्मात हे सूप खाल्लं नव्हतं. तिच्या ओळखीत कुणीच खाल्लं नव्हतं. मोबाईलवर चार बायकांचे व्हिडिओ बघून, चौघींच्या चार तऱ्हा ऐकून, तिनं आपली पाचवी काढली होती.

आणि हा सगळा खटाटोप एका नळासाठी होता.

गोष्ट अशी, की सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली. धरणात गाळ तेवढा शिल्लक. आणि शहर मात्र असं सुटलेलं, जसं काही पाणी त्यालाच शोधत येणार आहे. करमाडकर राहायचे त्या गंगासागर अपार्टमेंटच्या आजूबाजूला तीन वर्षांत अकरा बिल्डिंगी उठल्या. प्रत्येकीच्या गेटात कारंजं, आणि एकाही कारंज्यात थेंब नाही. गंगासागरच्या नावात गंगाही होती आणि सागरही, नळाला मात्र पाचव्या दिवशी पाणी. कधी सातव्या. उमाची खानावळ होती, घरातूनच डबे जायचे. पाण्यापायी चाळीस डब्यांचे बारा झाले. भाजी धुवायची की भांडी, असा रोजचा सवाल.

अशात हिमांशू नावाचा एक पोरगा आला. शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीचं गेस्ट हाऊस सांभाळायचा. मशीन बसवायला चार फ्रेंच इंजिनियर आले होते आणि आधीच्या स्वयंपाक्यानं त्यांना महिनाभर रोज पनीर घातलं होतं. आता ते पनीर दिसलं की खुर्ची मागं सरकवायचे. हिमांशू उमाला गेस्ट हाऊसचं स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेला. ओटा असा, फ्रीज असा, गॅस नाही, सेफ्टीचा नियम आहे, सगळं करंटवर. उमाचं लक्ष नव्हतं. तिनं नळ सोडला होता. पाणी आलं. तिनं बंद केला. परत सोडला. परत आलं! तिथं पडलेली कोथिंबिरीची जुडी तिनं तीनदा धुतली, गरज नसताना.

"चोवीस तास असतं?"

"बोअर आहे, काकू. वर फिल्टर." हिमांशूला त्यात काही विशेष वाटलं नाही. "बुधवारी साडेसहाला मी टेस्ट करायला येतो. फक्त ते सूप. पण करंटवरच जमलं पाहिजे हां, इथं गॅस मिळणार नाही. जमलं तर सहा महिने हे किचन तुमचं."

किचन कुणाला पाहिजे होतं? उमा घरी येईपर्यंत त्या नळाचं तोंड आठवत होती.

करंटवर मंद शिजवायचं भांडं, म्हणजे हा बिनशिट्टीचा कुकर, समोरच्या जोहराकडं निघालं. तिच्या भावानं जेद्दाहून आणलं होतं, दोन वर्षं खोक्यातच.

"जोहरा, ह्यात कधी मटण बिटण..."

"उमाभाभी, डब्बा फोडलाच नाय, कसम से! दमवर ठेवायचं तर कोळसा हाय ना, हे बिजलीचं ढोंग कायको?" जोहरानं खोकं फोडून बाहेरचा डबा आणि आतलं काळं, जाडजूड चिनी मातीचं भांडं वेगळं करून दाखवलं. "ये अंदर का निकल के आता है. गॅसवर नक्को ठेवू, तडकंल. और ये बाहेरवाले में पानी का एक बूंद नक्को. गया तो गया काम से."

उमानं दोन्ही गोष्टी डोक्यात पक्क्या केल्या. केशवराव तेव्हा पेपर वाचत होते. आतलं भांडं निघतं, हे त्यांनी पाहिलं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

बुधवारला ती लगेच हो म्हणाली होती, कारण पाणी मंगळवारचं होतं. आणि गंगासागरात पाण्याच्या दिवशी काय व्हायचं ते सांगितलं पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या तात्यासाहेबांनी चपलांच्या कपाटात मोटार लपवून सगळ्या बिल्डिंगचं पाणी एकट्यानं ओढलेलं एकदा सापडलं. कपाट गुरगुरतंय म्हणून जोहराचा नवरा कय्युम बघायला गेला, तर आत कोल्हापुरी चपलांच्या मागं अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार. तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी केशव करमाडकर यांनी ठराव केला: पाणी आलं रे आलं की मीटरच्या खोलीतला मेन स्विच खाली. पाणी जाईपर्यंत आख्ख्या बिल्डिंगीला करंट नाही. ना मोटार चालणार, ना भांडण होणार. खोलीची किल्ली ते जानव्याला बांधून ठेवायचे. जोहराच्या पोरीच्या, जन्नतच्या, साखरपुड्याच्या दिवशी तिचे केस अर्धे वाळलेले असताना त्यांनी स्विच पाडला होता. क्रिकेटच्या फायनलला शेवटची ओव्हर असताना पाडला होता. "नियम म्हणजे नियम," असं म्हणायचे आणि जानवं चाचपायचे.

पण मंगळवारी पाणी आलंच नाही.

"कडुबाला फोन करा," बुधवारी उजाडल्यापासून उमा चारदा म्हणाली. कडुबा म्हणजे व्हॉल्व्ह सोडणारा.

"केला. म्हणतो आज काय सुटत नाय साहेब, उद्या बघू."

"नक्की?"

"आईची शपथ घेतली त्यानं."

"त्याची आई मागंच वारली."

"मग काय झालं? शपथ शपथ असते."

आठ वाजता भांडी घासायला भामाबाई आली. आली ती नाकपुड्या फुगवतच. "काय जळायलंय?" म्हणत तिनं झाकण उचललं.

"अर्धा तास!" उमा ओरडली.

"कायचा अर्धा तास? कांदाच तं हाय. कढईत टाका, तेल सोडा, दहा मिंटात लाल." मग तिला सिंकमधलं दुधाचं पातेलं दिसलं, काल केशवरावांनी करपवलेलं, आणि तिचा मोर्चा तिकडं वळला. "साहेब, किती येळा सांगू? करपलं की पाणी घालून भिजत ठिवत जा. वाळल्यावर काय माझ्या कपाळानं घासू का?"

"पाणी कुठंय, भामाबाई?"

"पाणी आल्यावर तरी ठिवा! आख्खा जन्म गेला, एक भांडं भिजवलं नाय ह्या माणसानं."

केशवरावांना ते लागलं. चेहऱ्यावर दिसलं. उमानं तिकडं लक्ष दिलं नाही, तिला झाकणाची राखण होती.

अकरा वाजता जोहरा आली, "देखू तो सही," म्हणून उचललं. बाराला तात्यासाहेब वासावर वर चढले. "वहिनी, जिन्यात लग्नाघरासारखा वास सुटलाय," म्हणाले आणि बोलता बोलता उचललं. एक वाजता परत केशवराव. दोन वाजता परत केशवराव, म्हणाले मी नाही उचललं, पण चष्म्यावर वाफ धरलेली. उमानं गणित केलं. ह्या हिशोबानं सूप उद्या सकाळी नाश्त्याला झालं असतं.

"ऐका," ती म्हणाली. आवाज इतका शांत होता की केशवरावांनी पेपर खाली ठेवला. "आता ह्या कुकरचं झाकण ज्यानं उचललं, त्याला मी जेवायला वाढणार नाही. आज नाही, उद्या नाही, श्राद्धाला सुद्धा नाही."

"अगं, मी कशाला..."

"शपथ घ्या."

"कडुबासारखी?"

"तुमच्यासारखी."

केशवरावांनी घेतली. आणि इथं एक सांगितलं पाहिजे, हा माणूस घेतलेली शपथ पाळायचा. सगळा घोटाळा त्यानंच झाला.

तीनला उमानं एकदाच, स्वतःच्या हक्कानं, झाकण उचललं. तीन किलो कांदा बसून बसून तळाला चार बोटं उरला होता. काळपट तांबडा, मऊ, गुळासारखा वास. तिनं चमच्यानं चाखला आणि चमचा चाटूनपुसून ठेवला. आता फक्त रस्सा घालायचा. भाज्यांच्या देठांचं, मिऱ्याचं, तमालपत्राचं पाणी तिनं काल उकळून फ्रीजमध्ये ठेवलं होतं.

तेवढ्यात केशवरावांचा फोन वाजला.

"काय म्हणतोस कडुबा? आत्ता? अरे तू शपथ..." त्यांनी फोन ठेवला आणि शर्टाच्या आत हात घातला. जानव्याकडं.

"नाही हं," उमा म्हणाली.

"सोडलंय त्यानं. दहा मिनिटांत खाली येईल."

"अहो, दोन तास. फक्त दोन तास मला करंट द्या. आज माझा दिवस आहे."

"जन्नतचा साखरपुडा होता तेव्हा मी ऐकलं का? आज तुझ्यासाठी स्विच वर ठेवला तर तात्यासाहेब चपलांचं कपाट उघडायला मोकळे. लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला लोक दिसतात. मी दिसत नाही."

"दिसतेस म्हणून तर पहिलं तुला सांगितलं." आणि गेले. खाली खट्ट आवाज झाला. पंखा हळू होत थांबला आणि कुकरचा लाल दिवा विझला.

उमानं कपाळावर हात मारून घेतला. पण ती काही रडत बसणारी बाई नव्हती. करंट गेला तर गॅस आहे, हिमांशूला कोण सांगतंय? कढईत काढू, गॅसवर रस्सा घालू, करंट आला की परत कुकरमध्ये. तिनं फडक्यानं धरून काळं भांडं बाहेर काढलं, सिंकजवळ ठेवलं. बाहेरच्या डब्यात थेंब जाऊ नये म्हणून काचेचं झाकण त्या रिकाम्या डब्यावरच ठेवलं. काळ्या भांड्यावर एक ताट झाकलं. कढई घ्यायला वळली, तोच खालून हाका.

"उमाऽऽ! आलं! पाईप धर लवकर!"

मोटार नाही म्हणल्यावर पाणी वर चढायचं नाही. खालच्या नळाला पाईप लावायचा, एकानं धरायचा, दुसऱ्यानं कळशा तीन मजले चढवायच्या. प्रत्येक घराला वीस मिनिटं. पाच दिवसांचं पाणी त्या वीस मिनिटांत. नळ सोडून कांदा बघणारी बाई ह्या शहरात तेव्हा जन्माला यायची होती. उमा धावली.

ती पाईप धरून उभी, केशवराव कळशा नेतायत. पहिलं गढूळ पाणी संडासाच्या ड्रमात, मग वापरायचं, शेवटी निवळशंख आलं की प्यायचं. सहावी खेप झाली, आठवी झाली. केशवरावांचा बनियन पाठीला चिकटला, पण थांबले नाहीत. तिला जरा वाईटसुद्धा वाटलं. शेवटच्या खेपेला ते खाली आले ते घाम पुसत, हसत. 

"सगळं भरलं," ते म्हणाले. "माठ, पिंप, पातेली, तांब्याभांडी. आणि कुकरच्या झाकणाला बोट लावलं नाही हं मी. वचन म्हणजे वचन."

"बरं."

"आणि भामाबाईला सांग. म्हणावं, जन्मात भांडं भिजवलं नाही म्हणतेस ना? आज भिजवलं. ते सिंकपाशी काळं भांडं होतं बघ, तळाला लई करपलेलं. काठोकाठ भरून ठेवलंय. उद्या आपसूक निघेल."

उमाच्या हातातून पाईप सुटला. जोहराची पाळी होती, तिनं तो झेलला. "क्या हुआ भाभी?"

उमा जिन्याकडं धावली. तीन मजले कशी चढली तिलाच ठाऊक नाही. ताट बाजूला होतं. काळ्या भांड्यात पाणी तुडुंब, आणि त्यात दहा तासांचा कांदा दचकल्यासारखा तरंगत होता. शेजारी रिकाम्या डब्यावर काचेचं झाकण, इमानेइतबारे बंद.

केशवराव मागून धापा टाकत आले. तिनं भांड्याकडं बोट केलं. मग डब्याकडं. मग झाकण उचलून रिकामा डबा दाखवला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"हे... ह्यातनं निघतं?"

"निघतं."

"मग मला सांगायचं ना!"

"सकाळपासून मी ह्या घरात दुसरं काय करतेय?" आता मात्र ती फुटली. "अहो, बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात नोकरी केली तुम्ही, पाणी कुठं सोडायचं एवढं कळू नये? आयुष्यात एक भांडं भिजवलं नाहीत, आणि मुहूर्त काढलात तो आज! त्या गेस्ट हाऊसमधे नळ आहे, नळ! सोडला की येतो! मला हे कळशांचं जिणं नको झालंय हो. मला हात धुताना मोजायचं नाही!"

केशवराव जानवं चाचपत उभे राहिले. 

जोहरा दारातून बघत होती. "भांडं तडकलं नाय ना? शुकर हाय," ती म्हणाली. मग आत आली, बोट बुडवून चाखलं. "भाभी, फेक नक्को. रंग उतरलाय ह्यात."

फेकणार कोण? पाण्याच्या दिवशी चार लिटर प्यायचं पाणी मोरीत ओतणारा हात उमाला नव्हताच. तिनं पदर खोचला. कांदा चाळणीवर गाळून कढईत घेतला, लोण्याचा एक गोळा टाकून गॅसवर ठेवला. ते तांबूस पाणी दोन पातेल्यांत वाटून उरलेल्या शेगडीवर आणि जोहराच्या घरच्या शेगडीवर आटवायला घातलं. केशवरावांना दोन्ही घरांत फेऱ्या मारून ढवळायला लावलं. "थांबू का?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. सव्वापाचला पाणी गेलं, स्विच वर झाला. आटलेलं पाणी, देठांचा रस्सा, कांदा, सगळं परत काळ्या भांड्यात गेलं, भांडं डब्यात, झाकण जागेवर. लाल दिवा लागला. मावलं नाही ते बाजूच्या पातेल्यात उरलं. करमाडकरांच्या घरी पुढं दोन दिवस आमटीला गोडसर चव होती, ती त्याची.

साडेसहाला हिमांशू आला. इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा. "वा काकू, वास तर..." म्हणत सरळ ओट्याकडं गेला आणि झाकणाला हात घातला.

फाट!

उमाला कळायच्या आत तिनं त्याच्या मनगटावर फटका मारला होता. "अर्धा तास जातो!"

सगळे गार. दारात तात्यासाहेब होते, जोहरा होती, ओट्यापाशी केशवराव, आणि ज्याच्या हातात सहा महिने होते त्या हातावर उमाची चार बोटं. हिमांशूनं मनगट चोळलं. मग दोन्ही हात पाठीमागं बांधून शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. "सॉरी, काकू. किती वेळ थांबू?"

वीस मिनिटं थांबवलं तिनं. आता मागं फिरायची सोय नव्हती. तव्यावर पाव भाजला, त्यावर चीज किसून झाकण ठेवलं, वितळल्यावर वाटीत तरंगत सोडला. हिमांशूनं एक चमचा घेतला. दुसरा घेतला. उमा त्याच्या गळ्याच्या घाटीकडं बघत होती.

"जरा पातळ आहे का?"

केशवरावांनी मान खाली घातली.

"असं असतं ते," जोहरा दारातून ठासून म्हणाली. "जेद्दाला असंच देतेत."

हिमांशूनं मान डोलावली. त्यानं तरी कुठं खाल्लं होतं? डबा भरून घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दहाला परत आला. डबा रिकामा, आणि धुतलेला. "पातळ आहे म्हणाले, काकू. म्हणाले आमच्याकडचं असं नसतं." उमानं डोळे मिटले. "पण चौघांनी सगळं संपवलं. वाटीला पाव फिरवून. काम तुमचं. सहा महिने."

केशवरावांनी इतक्या जोरात टाळी वाजवली की खालून तात्यासाहेबांनी विचारलं, पाणी आलं का?

"फक्त एक आहे," हिमांशू म्हणाला. "कालच नवा नियम आलाय. बाहेरच्या माणसाला गेस्ट हाऊसच्या किचनमधे नाही. सेफ्टी. तुम्ही इथूनच करून डबे पाठवायचे."

उमा त्याच्याकडं बघतच राहिली. तिला ओरडावंसं वाटलं, पण काल इतकी ओरडली होती की आवाज बसला होता. नियम करणारी माणसं ह्या जगात कुणी पैदा केली, आणि सगळी आपल्याच वाट्याला का?

"डबे द्यायला दारापर्यंत येता येईल?" तिनं विचारलं.

"दारापर्यंत? हो."

"दाराबाहेर बागेला एक नळ आहे. मी बघितलाय."

"आहे."

"बोअरचाच ना?"

"हो, काकू. का?"

"रोज डबे द्यायला करमाडकर येतील. स्कूटरवर पुढं दोन कॅन असतील, वीस लिटरचे. परत येताना भरलेले असतील. हे कबूल असेल तर काम घेते. आणि पाण्याच्या दिवशी सूप नाही. त्या दिवशी पिठलं. फ्रेंचांना सांगून ठेव."

हिमांशूनं मनगटाकडं पाहिलं, जिथं काल फटका बसला होता. "कबूल," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी केशवराव दुपारी दोनला परत आले. दोन्ही हातांत वीस-वीस लिटर, तीन मजले, तोंड लालबुंद. दारातच हुश्श केलं. स्वयंपाकघरात माठ भरलेला होता, पिंप भरलेलं होतं, आणि ओट्यावर लाल दिवा लावून कांदा मंद शिजत होता. त्यांनी एका कॅनचं झाकण काढलं, कॅन उचलून ओट्याशी आले आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "हे कशात ओतू गं?"

उमा लाटणं घेऊन कुकरसमोर आडवी उभी राहिली.